कायद्याची मास्तरकी, सेबी आणि आईचं लोन कार्ड

पत्र, थोडक्यात:

सर, मी २८ वर्षांची, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. एलएल.एम. झालं, नेट निघाली, आणि आता एका लॉ कॉलेजात सीएचबीवर शिकवते. पगार तासांवर, तोही कधी तीन महिन्यांनी, कधी चार. बाबांचं पाच एकर कोरडवाहू वावर. आईच्या नावावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं गट लोन आहे. गावातली पतसंस्था बुडाली, त्यात आजीचे पैसे अडकले. बाबा म्हणतात, सनद घे आणि कोर्टात बस. मला मात्र सेबीत (शेअर बाजारावर नजर ठेवणारी संस्था) किंवा रिझर्व्ह बँकेत जायचं आहे. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन या कायद्याच्या प्राध्यापक. सरकारने त्यांच्याकडे कर्जदारांचं संरक्षण करणारी संस्था उभी करायचं काम दिलं, हे वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. पीएचडीलाही नाव घालायचं आहे. आणि मध्येच एका मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या) सहकारी सोसायटीने तालुक्याच्या शाखेसाठी कायदा सल्लागार म्हणून महिना २५ हजार देऊ केले आहेत. खेड्यात राहून असं काही होतं का? काय करू?

ताई,

आधी घाईचं तेवढं सांगतो, कारण वय थांबत नाही. सेबीच्या ग्रेड अ ची कायदा शाखा आहे, तिला वयाची अट ३० ची. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड ब विधी अधिकाऱ्याला ३२ ची, आणि एलएल.एम. असेल तर त्यात थोडी सूट मिळते. म्हणजे सेबीसाठी तुमच्याकडे फार तर एखाददुसरी जाहिरात उरली आहे, आणि जाहिरात दरवर्षी निघेलच याची हमी कोणी देत नाही. तेव्हा पुढची जाहिरात निघाली की फॉर्म भरायचा. यावर घरात बैठक बसवायची गरज नाही. पीएचडी आणि परीक्षा यांतलं एकच निवडायचं असं काही नाही, दोन्ही चालतात. परीक्षेची तारीख निघून जाते, पीएचडीची निघून जात नाही, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट, बाबांचं ऐका. त्यांच्या डोक्यात कारण वेगळं असेल, सल्ला मात्र बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेची विधी अधिकाऱ्याची जागा कोऱ्या पदवीवर मिळत नाही, तिथे वकिलीचा किंवा बँकेसारख्या ठिकाणच्या विधी अधिकारीपदाचा दोन वर्षांचा अनुभव मागतात. नियमित, पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, सनद बाजूला ठेवावी लागते. पण सनद असलेल्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. सीएचबीवाल्याच्या नशिबी जे थोडे फायदे येतात, त्यातला हा एक. तुमचे तास सकाळचे असतील तर अकरानंतर दारव्ह्याच्या कोर्टात बसायला कायद्याची आडकाठी नाही. सनद घ्या, बार कौन्सिलची परीक्षा द्या, एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे बसा. दिवाणी काम करणाऱ्याकडेच बसा. फौजदारीत तालुक्याला गर्दी जास्त आणि तुमच्या कामाचं कमी.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. परीक्षा देऊन सेबीत लागणं आणि वॉरन यांनी केलं ते करणं, हे दोन वेगळे दरवाजे आहेत. पत्रात तुम्ही ते एकच धरले आहेत. पहिल्या दरवाजातून अधिकारी आत जातो: चौकशी करतो, नोटीस काढतो, आदेशाचा मसुदा लिहितो, सिक्युरिटीज अपीलीय न्यायाधिकरणात उलटतपासणीसारखे प्रश्न झेलतो. उत्तम नोकरी आहे, पगार चांगला आहे, मुंबईचं भाडं परवडतं. दुसऱ्या दरवाजातून प्राध्यापकाला बोलावून नेतात. त्याला परीक्षा नाही, फॉर्म नाही, आणि बोलावतीलच असंही नाही.

वॉरन यांच्याबद्दल लोक सांगतात ते शेवटून सांगतात: २०१० साली अमेरिकेत वित्तीय सुधारणांचा मोठा कायदा झाला, त्यातून ग्राहक वित्त संरक्षण संस्था निघाली, ती उभी करायला ओबामांनी वॉरनना नेमलं. तुम्ही सुरुवातीपासून वाचा. रुटगर्ससारख्या साध्या सरकारी विद्यापीठातून १९७६ साली त्या वकील झाल्या. मग ह्यूस्टन, टेक्सस, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया असं शिकवत शिकवत नव्वदच्या दशकात हार्वर्डला पोचल्या. विषय कोणता, तर नादारी, म्हणजे दिवाळखोरी. कायद्याच्या शाळेत ज्याला कोणी हात लावत नाही असा. ऐंशीच्या दशकात दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एक काम हाती घेतलं. नादारीच्या कोर्टात ज्या सामान्य लोकांनी अर्ज केले होते, त्यांची प्रकरणं एकेक करून काढायची आणि वाचायची: हा माणूस कोण, कर्ज किती, कोणाचं, का थकलं. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सस अशा तीन राज्यांतली प्रकरणं होती. हे काम सुरू करताना त्यांचा समज असा होता की नादारीचा अर्ज करणारे बहुतेक लबाड असणार, पैसे बुडवायला आलेले. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं आहे. कागद वाचले आणि समज उलटला. नोकरी गेलेले, आजारपणाने खंगलेले, नवरा-बायको वेगळे झालेले, अशीच माणसं निघाली. चांगल्या घरची, नोकरदार.

याच्यापुढचा भाग माझ्या मते सगळ्यात कामाचा, आणि तो कोणी सांगत नाही. १९९५ पासून त्या नादारी कायद्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाच्या सल्लागार होत्या. बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्यांना कायदा कडक हवा होता, वॉरन यांचा विरोध होता. दहा वर्षं भांडल्या आणि २००५ साली हरल्या, कडक कायदा झाला. २००७ साली त्यांनी एक लेख लिहिला. मुद्दा साधा होता. पाव भाजायचं यंत्र पेट घेत असेल तर ते दुकानात विकू देत नाहीत, मग घर जाळणारं कर्ज का विकू देतात? वस्तूंवर जशी सुरक्षेची देखरेख आहे तशी कर्जांवर पाहिजे. वर्षभराने बाजार कोसळला. संसदेने बँकांना दिलेल्या मदतीवर नजर ठेवणारं मंडळ नेमलं, त्याच्या अध्यक्ष वॉरन झाल्या. आणि २०१० च्या कायद्यात त्यांच्या लेखातली कल्पना उतरली. सप्टेंबर २०१० पासून वर्षभर त्यांनी संस्था उभी केली: माणसं नेमली, खाती पाडली, नियमांची यादी केली. आणि प्रमुखपद? ते मिळालं नाही. सिनेटमधल्या विरोधकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मंजुरी देणार नाही. नेमणूक दुसऱ्याच्या नावाने झाली. त्या मॅसेच्युसेट्सला गेल्या, २०१२ ची निवडणूक लढवली आणि सिनेटर झाल्या. तीस वर्षांच्या प्राध्यापकीत वित्तीय नियमनाच्या खुर्चीत प्रत्यक्ष बसल्या त्या जेमतेम वर्षभर.

याच वाटेने आधी गेलेले जेम्स लँडिस. हार्वर्डचे प्राध्यापक. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, १९३३ साली रूझवेल्ट आले, आणि शेअरविक्रीचा पहिला केंद्रीय कायदा लिहायला त्यांना वॉशिंग्टनला बोलावलं. सुट्टीचे दोन दिवस म्हणून गेले आणि चार वर्षं राहिले, असं सांगतात. वय तेहतीस. त्यांनाच का बोलावलं? कारण अमेरिकेतल्या एकेका राज्याचे शेअरविक्रीचे कायदे ते आधीपासून अभ्यासत होते, तेही कोणाला त्यात रस नसताना. १९३५ मध्ये अमेरिकेच्या सेबीचे, म्हणजे सिक्युरिटीज कमिशनचे, अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये हार्वर्डला परत, डीन म्हणून. (शेवट वाईट झाला. स्वतःची आयकर विवरणपत्रं काही वर्षं भरलीच नाहीत, आणि १९६३ साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. नियम लिहिणारे हात नियम पाळतातच असं नाही. पण हा विषय वेगळा.)

आपल्याकडचं नाव तुम्हाला सांगायची गरज नाही, दर ऑक्टोबरात अर्धा विदर्भ दीक्षाभूमीला जातो. पण बाबासाहेबांची ही बाजू कॉलेजातसुद्धा शिकवत नाहीत. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. पुढे चलनाची चौकशी करणारा हिल्टन यंग आयोग भारतात आला तेव्हा त्याच्यासमोर त्यांनी साक्ष दिली. चलनात किती भर घालायची हे सरकारच्या मर्जीवर राहू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं 'त्यांनी एकट्याने बँक काढली' हे खरं नाही, आणि त्या माणसाला तशा वाढीव श्रेयाची गरजही नाही. आयोगासमोर जाऊन आकड्यांनिशी साक्ष देणारा अभ्यासक, हीच भूमिका पुरेशी मोठी आहे.

तिघांतलं समान काय, ते तुमच्या लक्षात आलं असेल. बोलावणं आलं तेव्हा त्यांच्याकडे पद नव्हतं, कोणी वाचत नाही असे कागद वाचलेले होते.

भारतात हा दुसरा दरवाजा अजून अरुंद आहे, हेही सरळ सांगतो. इथे वित्तीय कायद्याच्या समित्यांवर निवृत्त न्यायमूर्ती असतात, बँकर असतात, चार्टर्ड अकाउंटंट असतात. आंध्रातल्या मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गट लोनच्या, संकटानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेली समिती मालेगाम यांची, ते चार्टर्ड अकाउंटंट. वित्तीय क्षेत्राचे सगळे कायदे नव्याने लिहायला २०११ साली नेमलेला आयोग न्यायमूर्ती श्रीकृष्णांचा. कायद्याचा प्राध्यापक क्वचित दिसतो, जिल्ह्याच्या कॉलेजातला तर नाहीच. पण एक खिडकी उघडी आहे आणि तिच्यातून विदर्भातून फारसं कोणी डोकावत नाही. सेबी आणि रिझर्व्ह बँक नियम बदलण्याआधी मसुदा जाहीर करतात आणि लोकांच्या सूचना मागवतात. कोणीही पाठवू शकतो. तुम्ही पाठवा. दोन पानं पुरतात, पण त्यात तुमच्या तालुक्यातलं उदाहरण पाहिजे. मुंबईच्या लॉ फर्मकडे सगळं असतं, ते एक नसतं.

आणि उदाहरणं तुमच्या दारात पडली आहेत. एका खेड्यात पैशाचा व्यवहार किती मालकांच्या हाताखाली चालतो ते बघा. गावातल्या बँकेच्या शाखेवर रिझर्व्ह बँक. आजीच्या पतसंस्थेवर ती नाही. तिथे महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा आणि सहकार खात्याचा निबंधक. म्हणूनच बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे आणि पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. हे आजीला ठेव ठेवताना कोणी सांगितलं नसणार, बोर्डावर फक्त व्याजाचा दर मोठ्या अक्षरात असतो. मल्टिस्टेट सोसायटीवर दिल्लीतला केंद्रीय निबंधक. परवानाधारक सावकारावर, आणि बिनपरवाना सावकारावरही, जिल्हा उपनिबंधक. कायदा २०१४ चा. त्यात एक जबरदस्त तरतूद आहे: सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेलं वावर चौकशीअंती परत देता येतं. सेबी मुंबईला आहे म्हणून लांबची वाटते, पण तुमच्या बाबांनी सोयाबीन विकलं असेल तर तीही जवळचीच: शेतमालाचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) २०१५ पासून तिच्याकडे आहेत, आणि सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये तिने थांबवले. बाजार समितीत ज्या कास्तकाराला भाव सांगतात, त्याला हे माहीत नसतं.

मग कागद कुठे आहेत? एक ढीग ए.आर., म्हणजे सहायक निबंधकाच्या, ऑफिसात. पतसंस्थेचं कर्ज थकलं की संस्था दिवाणी कोर्टात जात नाही, सहायक निबंधकाकडे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मागते. तो मिळाला की जप्ती. हे '१०१' आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, पण तालुक्यात वर्षाला किती दाखले निघतात, कर्जदाराचं म्हणणं किती प्रकरणांत नोंदलं जातं, जामीनदार कोण असतात, मूळ कर्ज किती आणि दाखल्याची रक्कम किती, याचा अभ्यास मला तरी कोणाच्या कपाटात दिसलेला नाही. दुसरा ढीग बुडालेल्या पतसंस्थेच्या अवसायकाकडे, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे: कलम ८३ ची चौकशी झाली का, ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित झाली का, त्यातलं वसूल किती झालं. कागद मागायला जाल तर 'सहकारी संस्थांना माहितीचा अधिकार लागू नाही' असं उत्तर मिळेल. ते अर्धंच खरं आहे. २०१३ च्या थलप्पलम निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेला सार्वजनिक प्राधिकरण मानलं नाही, पण निबंधक मात्र प्राधिकरण आहे, आणि कायद्याने जी माहिती तो संस्थेकडून मागवू शकतो ती त्याच्याकडे मागता येते. अर्ज निबंधकाच्या नावाने करा, संस्थेच्या नावाने नाही. कारकून कंटाळून एक दिवस चहा पाजेल आणि फाइली दाखवेल, अशीही शक्यता असते. विशेषतः तुम्ही वर्गातली दोन पोरं सोबत नेली तर. लॉ कॉलेजला कायदा मदत केंद्र चालवावंच लागतं, बहुतेक ठिकाणी ते फलकापुरतं असतं. तुमच्याकडे ते खरं करा, पोरांना शिकवायलाही तेच बरं.

आजीच्या पैशासाठी एवढंच: अवसायकाकडे मागणी लेखी नोंदवली आहे का ते बघा, पावतीची झेरॉक्स आणि पोच ठेवा, आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लावून गुन्हा दाखल झाला आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा. झाला असेल तर संचालकांची मालमत्ता त्या कायद्याखाली जप्त होते आणि वाटप विशेष न्यायालयामार्फत होतं. वेळ लागतो. फार लागतो.

आईच्या तीन लोन कार्डांवर मात्र मी थांबणार आहे, कारण पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलं. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे हे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यांत लिहिलं आहे: वर्षाचं घरगुती उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराला बिनतारण दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या घरगुती उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि हे कर्ज देण्याआधी कंपनीने तपासायचं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. दर, शुल्क, एकूण फेड हे सगळं एका माहितीपत्रकावर, कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचं. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास नाही.

आता तिन्ही कार्डं पुढ्यात घ्या. तुमच्या घरचं महिन्याचं उत्पन्न अर्जात किती लिहिलं आहे? कापसाचा चुकारा येतो डिसेंबर-जानेवारीत, तुरीचा त्याच्यानंतर, आणि जूनला पेरणीत सगळं वावरात जातं. अशा घराला 'महिन्याचं उत्पन्न' असं काही असतं का? मग एजंटने टाकलेला आकडा कुठून आला? माझा अंदाज असा की तिन्ही अर्जांवर तीन वेगळे आकडे निघतील. हे सापडलं तर तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी लागत नाही, वकील लागत नाही. पण तक्रार करण्याआधी आईला विचारा. गटातल्या बाकीच्या बायका एकमेकींच्या हप्त्याला बांधलेल्या असतात. तुमच्या अर्जाने पुढचं लोन अडलं तर बोल आईला लागतील, तुम्हाला नाही. गटाला बसवून सांगा, मग ठरवा. आणि 'महिन्याचं उत्पन्न' हा मोजमापाचा घोळ कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कसा होतो, यावर तुम्ही दहा कार्डं घेऊन टिपण केलंत तर ते रिझर्व्ह बँकेने वाचावं असं टिपण होईल.

मल्टिस्टेटच्या २५ हजारांबद्दल. तीन महिन्यांनी पगार बघणाऱ्या माणसाला 'तत्त्वासाठी नाही म्हणा' असं सांगायला मला जीभ रेटत नाही. म्हणून नाही म्हणण्याआधी तीन कागद मागा: शेवटच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पोटनियम, आणि तालुक्यातल्या ठेवीदारांपैकी मतदानाचा हक्क असलेले सभासद किती त्याची यादी. शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा मल्टिस्टेटला सूट देतो ती मतदार सभासदांकडून घेतलेल्या ठेवींपुरती. पिग्मी एजंट पानठेल्यावर उभा राहून दहा रुपयांत 'नाममात्र सभासद' करून ठेवी गोळा करत असेल, तर त्या सूटीत बसणं अवघड. आणि त्यांनी तुम्हालाच का विचारलं, याचाही विचार करा. तालुक्यात तुमच्यापेक्षा जुने वकील भरपूर आहेत. लॉ कॉलेजच्या मॅडमचं नाव बोर्डावर लागलं की ठेवी वाढतात. गावात मास्तरवर अजून विश्वास आहे. कागद मिळाले आणि चोख निघाले तर प्रकरणागणिक फी घेऊन काम करा, महिन्याचा पगार आणि बोर्डावर नाव नको. उद्या सेबीच्या मुलाखतीत किंवा एखाद्या समितीपुढे हाच प्रश्न पहिला येतो. 'बघू, पाठवतो' असं म्हणत आठ दिवस गेले, तर उत्तर मिळालं असं समजा.

राहिली पीएचडी. 'भारतातील वित्तीय नियमन: एक चिकित्सक अभ्यास' असला विषय घेऊ नका, त्या नावाचे ग्रंथालयात गठ्ठे पडले आहेत. नादारी घ्या. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करण्याची तरतूद लिहून ठेवली आहे: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत, आणि स्वतःचं घर नको. आकडे बघितले तर कळतं की लिहिणाऱ्यांनी खेडं लांबून पाहिलं आहे, पण तेवढंसुद्धा लागू केलेलं नाही. व्यक्तींच्या नादारीचा तो भाग २०१९ च्या डिसेंबरात सुरू केला, तोही कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. बाकी सगळ्यांसाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्यात कर्ज ५०० रुपयांचं झालं की अर्ज करता येतो. जिल्हा न्यायालयात असे अर्ज किती येतात ते एकदा नाझरला विचारून बघा. आणि याच मातीत, मध्य प्रांतात, १९३३ साली कर्ज समेटाचा कायदा झाला होता: सावकार आणि शेतकरी एका मंडळापुढे बसवून कर्ज तोडून द्यायचे. त्याचे अहवाल नागपूरच्या जुन्या ग्रंथालयांत शोधा. एका बाजूला ते, मध्ये तुमच्या तालुक्याचे १०१ चे दाखले, आणि दुसऱ्या बाजूला न लागू झालेली तरतूद. प्रबंध इथेच तयार आहे, आणि सेबीत लागलात तरी सोडायची गरज नाही.

संशोधन समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणेलच की हा विषय वाणिज्य शाखेचा आहे, किंवा अर्थशास्त्राचा. वाद घालू नका. १९२० चा कायदा काढून पुढ्यात ठेवा आणि विचारा, हा कोणत्या शाखेत शिकवतात.